साठलेल्या गेमचा निपटारा: आधी सेव्ह कुठे होतो ते बघा, ट्रेलर नंतर

एपिकच्या ऑनलाइन दुकानात दर गुरुवारी फुकट मिळणारे, स्टीम या दुसऱ्या दुकानाच्या सेलमध्ये स्वस्तात उचललेले, मित्राने भेट दिलेले असे गेम आता जवळपास प्रत्येकाच्या लायब्ररीत साठले आहेत. पहिला कुठला लावायचा हे ठरवताना लोक रेटिंग बघतात. मराठवाड्यात खेळणाऱ्याने त्याआधी एक प्रश्न विचारावा: हा गेम सेव्ह कुठे होतो? भर दुपारी लाईट न सांगता जाते. पाऊण तासाची मेहनत एका झटक्यात घालवणारा गेम कितीही सुंदर असला तरी आठवड्याभरात बाजूला पडतो. दुसरा प्रश्न उन्हाचा आणि तिसरा डाउनलोडचा. हे तीन प्रश्न धरून आठ गेमबद्दलची ही पहिल्या काही तासांवरची मतं आहेत, पूर्ण गेमचा निकाल नव्हे. मशीन धरलं आहे ते इकडे कॉलेजसाठी घेतात तसलं: ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी.

लाईटची सोय आधी. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस हवाच. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर भरते. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून दीड-दोनशे वॅट ओढतात, म्हणून व्यवहारात दहाएक मिनिटं धरा, जुन्या बॅटरीवर त्याच्या निम्मी. हा वेळ सेव्ह करून मशीन बंद करण्यासाठी आहे, खेळत राहण्यासाठी नाही. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. इको मोडवर वीज बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (पॉवर फॅक्टर सुधारणारी सोय असलेले) पॉवर सप्लाय नीट चालतीलच असं नाही, म्हणून साइन वेव्हच घ्या. लॅपटॉपवाल्यांना बॅटरीचा आधार वाटतो, पण चार्जरची वीज गेली की ग्राफिक कार्डाला मिळणारी ताकद कमी होते आणि दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम एकदम खाली येतात. लढाईच्या मधोमध हे झालं की तुम्ही मेलातच.

लाईट आल्यावर गेम उघडताना स्टीम कधी कधी विचारतं की मशीनवरची सेव्ह फाइल ठेवायची की क्लाउडवरची. क्लाउडवर फाइल चढते ती गेम नीट बंद केल्यावर. त्यामुळे लाईट गेल्यानंतर मशीनवरचीच बहुधा ताजी असते. दोन्ही फायलींची वेळ तिथेच दाखवलेली असते, ती वाचल्याशिवाय बटण दाबू नका. घाईत जुनी फाइल निवडली की नवी गेली.

आता गेम. ‘हॉलो नाइट’पासून सुरुवात करा. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा हा २०१७ चा गेम आहे. त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि अनेकांनी तो घेऊनही टाकला, पण आधी हाच खेळावा. जागा फार लागत नाही, स्टीमच्या पानावर ९ जीबी लिहिलं आहे, आणि ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनवरही रेझोल्यूशन उतरवून तो खेळता येतो. सेव्ह खात्रीने होतो तो बाकावर बसल्यावर. नकाशाही बाकावर बसल्यावरच भरतो, आणि तोही लेखणी विकत घेतली असेल तरच. पहिल्या तासात लोक चुकतात ते इथेच. खाली फॉरगॉटन क्रॉसरोड्समध्ये गुणगुणण्याचा आवाज आणि जमिनीवर पडलेले कागद दिसले की तिकडे वळा. तिथे कॉर्निफर भेटतो, त्याच्याकडून नकाशा घ्या. मग वर डर्टमाउथ गावात त्याची बायको इसेल्डा हिचं दुकान उघडतं. तिथे लेखणी १२० जिओला (जिओ म्हणजे इथलं नाणं) आणि वेवर्ड कंपास नावाचा ताईत २२० जिओला मिळतो. आधी लेखणी, मग कंपास. कंपासशिवाय नकाशावर आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाही.

मेल्यावर सगळे जिओ तिथेच राहतात आणि त्या जागी तुमची सावली उभी असते. तिला मारलं की पैसे परत मिळतात; तिच्यापर्यंत पोचण्याआधी दुसऱ्यांदा मेलात तर ते कायमचे गेले. म्हणून अंगावर तीनशे-चारशे जिओ असताना नव्या भागात घुसू नका, आधी दुकानात खर्च करून या. बरं होण्याचा हिशेब सोपा आहे. तलवारीचा, म्हणजे नेलचा, एक वार ११ सोल (जादूची शक्ती) देतो आणि एकदा बरं व्हायला ३३ लागतात. तीन वार, एक मास्क, म्हणजे जिवाचा एक भाग. पहिला मोठा शत्रू फॉल्स नाइट उडी मारून आपटतो तेव्हा त्याच्या खालून पलीकडे जा, पाठीवर दोन वार करा आणि दूर व्हा. चिलखत फुटून डोकं बाहेर आलं की जेवढे मारता येतील तेवढे वार तिथेच करा.

सुरुवातीचे दोन तास हा गेम संथ वाटतो, ही तक्रार खरी आहे. कारण तेव्हा हातात धाव नसते. ग्रीनपाथमध्ये हॉर्नेटला हरवल्यावर मॉथविंग क्लोक मिळतो, डॅश करता येतो, आणि गेमची चालच बदलते. मत बनवायचं ते तिथे पोचल्यावर बनवा. सेव्ह फाइल अ‍ॅपडेटा, लोकललो, टीम चेरी, हॉलो नाइट अशा फोल्डरमध्ये असते. शेजारी तिच्या बॅकअप प्रतीही असतात. लिहिता लिहिता लाईट गेल्याने मूळ फाइल खराब झाली तर बॅकअपचं नाव बदलून ती मूळ नावाने ठेवा. तरीही महत्त्वाचा शत्रू मारल्यावर आख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवणं सगळ्यात चांगलं.

या गेमला कंट्रोलर हवा. गावातल्या दुकानात मिळणारे स्वस्त वायरचे कंट्रोलर चालतात, पण त्यात दोन मोड असतात: एक्सइनपुट आणि डायरेक्टइनपुट. बटणं उलटसुलट लागत असतील तर कंट्रोलर बिघडलेला नसतो, मोड चुकीचा असतो. मधलं होम किंवा मोड बटण काही सेकंद दाबून धरा. स्टिक आपोआप एका बाजूला सरकत असेल तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये डेडझोन (स्टिकची जी हालचाल धरली जात नाही तो भाग) वाढवा. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा दुसरा कंट्रोलरचा गेम. जागा एक-दीड जीबी, एकेक पडदा काही सेकंदांचा, पडलात की क्षणात तिथूनच पुन्हा सुरू. अवघड वाटला तर असिस्ट मोडमध्ये वेग ५० टक्क्यांपर्यंत उतरवता येतो. तो वापरण्यात कमीपणा काहीच नाही.

‘स्टार्ड्यू व्हॅली’ आपल्याकडच्या माणसाला वेगळा दिसतो, म्हणून त्यावर जरा जास्त. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला हा २०१६ चा शेतीचा गेम जेमतेम ५०० एमबी जागा घेतो. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, दिवस सकाळी ६ ते रात्री २. घड्याळातली दहा मिनिटं साधारण सात सेकंदांत जातात, म्हणजे पूर्ण दिवस १४ मिनिटांचा. पीसीवर सेव्ह होतो तो फक्त झोपल्यावर. लाईट गेली तर गेला तो एक दिवस, जास्तीत जास्त पाव तास. इतकं नुकसान सोसता येतं. मोबाइल आवृत्तीत अ‍ॅप मधेच बंद झालं तरी तातडीची सेव्ह होते, त्यामुळे लाईटीचा फारच त्रास असेल तर मोबाइलवर घ्या.

पहिल्या दिवशी पार्सनिपच्या १५ बिया मिळतात. २० नाण्यांची बी, चार दिवसांत पीक, ३५ चा भाव. बटाट्याची बी ५० ला, सहा दिवस, भाव ८०. फ्लॉवरची बी ८० ला, बारा दिवस, भाव १७५. पण वसंतातला खरा पैसा स्ट्रॉबेरीत आहे. तिची बी फक्त १३ तारखेच्या एग फेस्टिव्हलमध्ये १०० ला मिळते. पहिला तोडा आठ दिवसांनी, नंतर दर चार दिवसांनी. त्याच रात्री लावली तर २१ आणि २५ असे दोन तोडे हाती येतात. २८ नंतर ऋतू बदलला की पीक मरतं. म्हणून १३ तारखेपर्यंत पैसे साठवा, रान नांगरून, पाणी घालून तयार ठेवा आणि जत्रेतून आल्या आल्या लावा. १२०० ते १५०० शिल्लक ठेवली तरी पहिला ऋतू सुटतो.

बुजगावण्याला ५० लाकूड, १ कोळसा आणि २० फायबर लागतं. शेतीची पहिली पातळी आली की ते लगेच करा, नाहीतर कावळे पीक खातात. झारी सुधारायला तांब्याच्या ५ पट्ट्या आणि २००० नाणी लागतात आणि झारी दोन दिवस लोहाराकडे राहते. इथे युक्ती अशी: टीव्हीवर उद्याचा पाऊस दाखवला की आज रानाला पाणी घालून झारी देऊन या. उद्याचं पाणी आभाळ घालतं आणि परवा झारी हातात येते. पियरचं बियाण्यांचं दुकान बुधवारी बंद असतं. खाण पाचव्या दिवसापासून उघडते, पावसाच्या दिवशी पाणी घालण्याचं काम वाचतं, तेव्हा खाणीत जा. मासेमारीने पहिल्या तासात सगळेच वैतागतात. मासेवाल्या विलीकडून २५ नाण्यांचा ट्रेनिंग रॉड घ्या, हिरवी पट्टी मोठी होते.

शेती जवळून पाहिलेल्याला दोन गोष्टी खटकतील. एक, पाणी चुकलं तर पीक वाळत नाही, फक्त वाढायचं थांबतं. दोन, कितीही माल विकला तरी भाव पडत नाही. मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढल्यावर काय होतं हे माहीत असलेल्याला हा हिशेब फार सरळ वाटेल. पण त्या सरळपणामुळेच नियोजनाला फळ मिळतं: दिवस मोजले, बी मोजली, की उत्पन्न कळतं. साठ्यातल्या सगळ्या गेममध्ये कमी नेट आणि कमी वीज यात सगळ्यात जास्त देणारा गेम हाच आहे.

‘हेडीस’बद्दल थोडक्यात, कारण त्यात तक्रारीला जागाच कमी आहे. सुपरजायंटचा २०२० चा गेम, १५ जीबी. प्रत्येक दालनात शिरताना प्रगती नोंदली जाते. लाईट गेली तर त्या दालनाच्या दारातून पुन्हा सुरू, म्हणजे दोन-तीन मिनिटांचं नुकसान. सुरुवातीच्या फेऱ्या दहा-वीस मिनिटांत संपतात, कारण मरणं हाच इथे पुढे जाण्याचा रस्ता आहे. मिळालेला डार्कनेस (ताकद वाढवायचं चलन) आरशात खर्च करताना पहिल्यांदा डेथ डिफायन्स घ्या, मेल्यावर त्याच फेरीत एकदा उठता येतं. किल्ल्या मिळतील तशा ढालीसाठी जमवा. नवख्याला तलवारीपेक्षा ढाल सोपी जाते. नोकरीवरून थकून येऊन खेळणाऱ्यांनी गॉड मोड चालू करावा: नुकसान २० टक्क्यांनी कमी होतं आणि प्रत्येक मरणाला आणखी २ टक्के, ८० पर्यंत. कथा तीच राहते, काही हरवत नाही.

‘डिस्को एलिझियम’ (२०१९) हा याच्या उलट टोकाचा. लढाई नाही, वाचन आहे, आणि ते दहा लाख शब्दांहून जास्त. मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी चांगलंच अवघड आहे: राजकारण, तत्त्वज्ञान, पोलिसी बोली, सगळं एकत्र. २०२१ च्या फायनल कट आवृत्तीत जवळपास सगळे संवाद आवाजात आहेत. ऐकत वाचलं की समजायला बरीच मदत होते. सेटिंगमध्ये मजकूर मोठा करा, १५ इंची पडद्यावर मूळ आकार डोळ्यांना त्रास देतो. पात्र बनवताना फिजिक (शरीर) आणि साइकी (मन) या दोन्हींना निदान २ गुण द्या. एकच गुण दिला तर पहिल्याच खोलीत, पंख्यावर अडकलेला टाय काढताना पात्राचा जीव जाऊ शकतो. फाशांवर ठरणारी पांढऱ्या रंगाची चाचणी हुकली तर त्या कौशल्यात गुण टाकून पुन्हा करता येते, लाल एकदाच. घड्याळ फक्त बोलताना आणि वाचताना पुढे सरकतं, त्यामुळे रस्त्याने निवांत फिरा. दुकानातून नोसाफेड आणि मॅग्नेशियम घेऊन ठेवा: पहिलं तब्येतीला, दुसरं मनाच्या ताकदीला.

लाईटच्या बाबतीत यात एक धोका आहे. सेव्ह कुठेही करता येतं, फक्त संभाषणात नाही, आणि संभाषणं लांबलचक असतात. महत्त्वाच्या माणसाशी बोलायला जाण्याआधी हाताने सेव्ह केलंच पाहिजे. लातूरला खोली करून परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मात्र हा गेम परीक्षेनंतरच उघडावा. तुकड्या-तुकड्यांत खेळला तर धागे लक्षात राहत नाहीत.

पुण्याच्या नोडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०) अनेकांकडे साठ्यात पडून आहे आणि तो उघडायला हवा. राजी ही मुलगी भाऊ गोलूला शोधायला निघते. हातात त्रिशूळ, पुढे विष्णूकडून धनुष्य. राजस्थानी धर्तीचे वाडे, भिंतींवरची चित्रं थांबून पाहावीत अशी आहेत. एन्हान्स्ड आवृत्तीत हिंदी आवाज आहे, तोच लावा, बोलणं जास्त खरं वाटतं. उणीव लढाईत आहे. राजीचा वार सुरू झाला की तो मधे थांबवून बाजूला होता येत नाही, त्यामुळे बटण सतत दाबत राहिलात की मार खाल. खांबाभोवती फिरून किंवा भिंतीवर धावून केलेला वार जास्त शत्रूंना लागतो, तो वापरा. कॅमेरा आपल्या हातात नाही, म्हणून काही उड्यांचा अंदाज चुकतो. सेव्ह आपोआप होतो आणि पूर्ण गेम पाच-सहा तासांत संपतो. दोन रविवारांत होईल.

‘द विचर ३’ (२०१५) इथे उन्हाचा प्रश्न येतो. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर असतो. खोलीतलीच हवा तापलेली, तीच लॅपटॉप आत ओढतो. प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि मधे मधे अडखळणं सुरू होतं. लोक याला गेमचा दोष समजतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ करा. टर्बो बंद होतो, तापमान बरंच उतरतं आणि या गेममध्ये फ्रेम फारशा कमी होत नाहीत. फ्रेमची मर्यादा ३० वर बांधा; ६० हर्ट्झच्या पडद्यावर ३० सरळ चालतात, ४०-४५ वर झटके बसतात. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचला. कूलरचा झोत थेट मशीनवर नको, ती हवा ओलसर असते. वर्षातून दोनदा पंख्यातली धूळ ब्लोअरने काढा, पण पातं काडीने अडवून धरा, नाहीतर ते जोरात फिरून बेअरिंग जातं.

डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर लाँचर डीएक्स (डायरेक्टएक्स) ११ आणि डीएक्स १२ असे दोन पर्याय देतो. ४ जीबी कार्डावर डीएक्स ११ घ्या. तरी जड वाटला तर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून बीटा विभागात १.३२ ही जुनी आवृत्ती मिळते. हेअरवर्क्स (केसांचा इफेक्ट) बंद, सावल्या आणि झाडीचं अंतर मध्यम. नायक गेराल्ट वळताना जड वाटतो, म्हणून पर्यायांमध्ये हालचाल ‘अल्टर्नेटिव्ह’ करा. सुरुवातीला विचर २ ची सेव्ह धरायची का असं विचारतो. तो खेळला नसेल तर नको म्हणा. लढाईच्या आधी क्वेन चिन्ह (जादूचं संरक्षक कवच) लावा, पहिले पाच तास तेच वाचवतं. एफ५ दाबून लढाईबाहेर कुठेही सेव्ह होतो, तशी सवय ठेवा. व्हाइट ऑर्चर्ड हा पहिला भाग चार-पाच तासांचा आहे. तिथल्या साध्या वाटणाऱ्या कामांमध्येच या गेमचा खरा गुण दिसतो: विहिरीवरच्या भुताचं कामसुद्धा एका माणसाच्या दुःखाशी जोडलेलं आहे.

शेवटी ‘रेड डेड रिडेम्पशन २’. पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये आला आणि त्याला १५० जीबी जागा लागते. ४० एमबीपीएसच्या फायबरवर एवढं उतरायला आठ तासांहून जास्त लागतात. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल डेटावर अडीच महिने. म्हणून तो जालन्यात किंवा बीडमध्ये कुणा मित्राकडे असेल तर तिथून आणा. स्टीममधून घेतलेला असेल तर दोन मशीन एकाच राउटरवर जोडा आणि डाउनलोड सेटिंगमध्ये स्थानिक नेटवर्कवरून फायली देण्याची परवानगी ‘मित्रांना’ अशी ठेवा. गेम शेजारच्या मशीनवरून येतो, नेट फक्त लॉगिनपुरतं लागतं. हार्ड डिस्कवरून आणायचा तर ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटची हवी, कारण एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. स्टीमअ‍ॅप्सच्या कॉमन फोल्डरमधलं गेमचं आख्खं फोल्डर तुमच्या मशीनवर त्याच जागी ठेवा आणि इन्स्टॉल दाबा. स्टीम असलेल्या फायली शोधून तपासतं आणि उरलेलंच उतरवतं. एपिकवर इन्स्टॉल सुरू करून एक-दोन टक्क्यांवर थांबवा, लाँचर बंद करा, फोल्डर वर टाका, मग पुन्हा सुरू करा. परवाना तुमच्या खात्यात हवाच, फायली आणल्याने गेम मिळत नाही.

पहिला अध्याय बर्फातला, संथ, दोनेक तासांचा. तिथे कंटाळून सोडणारे बरेच आहेत, पण खरा मोकळा प्रदेश दुसऱ्या अध्यायापासून सुरू होतो. मिशन चालू असताना हाताने सेव्ह होत नाही आणि काही मिशन अर्धा-पाऊण तास चालतात, म्हणून लाईट हमखास राहते त्या वेळीच मिशन घ्या. दुपारी शिकार, मासेमारी, तळावरची कामं करा. ती कधीही थांबवता येतात. १६५० वर टेक्स्चर मध्यम ठेवा, पाण्याची गुणवत्ता आणि व्हॉल्युमेट्रिक प्रकाश खाली आणा, ३० फ्रेमवर बांधा. ग्राफिक्सच्या व्हल्कन पर्यायावर अडखळत असेल तर डीएक्स १२ लावून बघा, किंवा उलट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र हा गेम टाकू नका: घोडा शहरात शिरताना इमारती उशिरा उमटतात आणि खेळ थांबत थांबत चालतो. एसएसडीवर १५० जीबी मोकळी होईपर्यंत तो साठ्यातच राहू द्या.